गोदावरीबाईंची सोळा पानं

श्रीदेवी बिराजदार यांनी एकतीस वर्षं धाराशिवच्या मुलींच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवला. त्यांच्या वर्गात जांभई द्यायची कुणाची टाप नव्हती. निवृत्त झाल्यावर त्या नवऱ्याच्या गावी, बेंबळीला राहायला आल्या आणि नोकरीत ज्या कामाला कधी सलग वेळ मिळाला नव्हता ते त्यांनी चार वर्षांत पुरं केलं. गोदावरीबाई नळदुर्गकरांचं चरित्र. तीनशे बारा पानं, शेवटी टिपा आणि सनावळी.

गोदावरीबाई मूळच्या नळदुर्गच्या. लग्न होऊन सोलापूरला गेल्या. नवरा गिरणीत कारकून होता. १८८४ साली त्यांनी गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या एका खोलीत कामकरी बायकांच्या लेकरांसाठी शाळा काढली. तीन ते सहा वर्षांची लेकरं, ज्यांना तेव्हा कुठलीच शाळा उभं करत नव्हती. पुढं त्यांनी त्या अनुभवावर ‘लेकरांची ओसरी’ नावाचं लहानसं पुस्तक लिहिलं. त्याची उरलेली एकमेव प्रत एका जुन्या ग्रंथालयात होती. श्रीदेवीबाईंनी तिची झेरॉक्स काढून आणली होती, आणि पाठ होईस्तोवर वाचली होती. निदान त्यांना तसं वाटत होतं.

चरित्र छापून झाल्यावर वर्षभरानं पुण्याहून फोन आला. लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाच्या संपादक बाई बोलत होत्या. चरित्र त्यांना फार आवडलं होतं. त्यावरून बालवाडीच्या मुलांसाठी एक पुस्तक हवं होतं.

“सोळा पानं,” संपादक बाई म्हणाल्या. “पानावर एक नाहीतर दोन वाक्यं. बाकी चित्रं.”

“सोळाच?” श्रीदेवीबाई हसल्या. “आठ दिवसांत पाठवते.”

तीन आठवडे झाले तरी पहिलं पान काही केल्या हलेना. शेवटी एका सकाळी त्यांनी नवऱ्याला समोर बसवून वाचून दाखवलं. रामलिंग एसटीत वाहतूक नियंत्रक होते. माईकवरून गाड्या सांगण्यात जन्म गेल्यामुळं कमी शब्दांत बोलायची त्यांना सवय होती.

“‘स्त्रीशिक्षणाच्या संक्रमणकाळात, इसवी सन १८५३ मध्ये, नळदुर्ग येथील एका सुसंस्कृत कुटुंबात गोदावरीबाईंचा जन्म झाला.’ कसं वाटतंय?”

“तीन वर्षाच्या पोराला वाचायचंय का हे?”

“हो. अजून सोपं करू?”

“मला कशाला विचारतीस? मी काय तीन वर्षाचा हाय का? पलीकडच्या गल्लीत अंगणवाडी हाय. तिथं जाऊन वाच.”

श्रीदेवीबाईंना हे पटलं नाही. पण दुसरा मार्गही दिसेना. दुसऱ्या दिवशी दहा वाजता इस्त्रीची साडी नेसून, कागद फायलीत घालून त्या अंगणवाडीच्या दारात उभ्या राहिल्या.

अंगणवाडीची सेविका हर्षाली त्यांचीच विद्यार्थिनी निघाली. बाईंना बघताच तिनं हातातला ठोकळा टाकला आणि हात मागं बांधून उभी राहिली. मग स्वतःच हसली.

“मॅडम, तुम्ही! लई दिवसांनी. बसा ना... खुर्ची मात्र न्हाय बरं का. समदे खालीच बसतेत.”

श्रीदेवीबाई गुडघा धरत सतरंजीवर बसल्या. सतरा-अठरा पोरं होती. मदतनीस धुरपदाबाई कोपऱ्यात खिचडीसाठी तांदूळ निवडत होत्या. दाराजवळ एक तीन वर्षांचा मुलगा एका सुरात रडत होता आणि ते नेहमीचंच असल्यासारखं कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.

“त्यो गौरीशंकर,” हर्षाली म्हणाली. “त्याचे आईबाप कर्नाटकातनं आलेत, डाळमिलवर कामाला. पंधरा दिवस झाले, रोज असाच रडतो. तुम्ही वाचा, मॅडम.”

बाईंनी कागद काढला. आवाज लावला. एकतीस वर्षांचा कमावलेला आवाज होता, पोरं क्षणभर गप्प झाली. पहिलं वाक्य संपायच्या आत दोघं उठून ठोकळ्यांकडं गेली. दुसऱ्या वाक्याला एकजण आडवा झाला. ‘कार्य’ हा शब्द आला तेव्हा पुढं दोघंच उरली होती. चार वर्षांची शिवांजली, आणि तिच्याहून थोडा मोठा युवराज.

“अठराशे मंजी किती?” युवराजनं विचारलं.

“खूप वर्षांपूर्वी.”

“ती बाई मेली का?” शिवांजलीनं विचारलं.

“हो. केव्हाच.”

“मग तिची गोष्ट कशाला सांगायलाव?”

चरित्राच्या प्रस्तावनेत याच प्रश्नाचं उत्तर बाईंनी नऊ पानं भरून दिलं होतं. त्यातलं एकही वाक्य इथं चालण्यासारखं नव्हतं.

“तिनं तुमच्यासारख्या लहान मुलांसाठी शाळा काढली, म्हणून.”

शिवांजलीला हे जरा बरं वाटलं. ती पुढं सरकली. “मग तिथं खायाला काय व्हतं?”

“ते... माहीत नाही.”

“मारायची का ती?”

“नसावी.”

“शूला कुठं जायची पोरं?”

धुरपदाबाई तांदळात तोंड लपवून हसायला लागल्या. बाईंचे कान तापले. “असले प्रश्न नसतात विचारायचे,” त्या म्हणाल्या. त्याबरोबर शिवांजली उठली आणि ठोकळ्यांकडं निघून गेली. रागानं नाही. तिच्या लेखी गोष्ट संपली होती.

घरी येऊन बाईंनी फाईल टेबलावर आपटली. “गोदावरीबाईंचं आख्खं आयुष्य सांगायला गेले, तर पोरगी विचारते शूला कुठं जायचे!”

रामलिंग पेपर वाचत होते. “मग? कुठं जायचे?”

“अहो, मला काय माहीत!”

“चार वर्षं लिहीत होतीस की.”

हे मात्र बाईंना लागलं. जेवण झाल्यावर त्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा काढला. ‘लेकरांची ओसरी’च्या शेवटी पंचवीस-तीस पानं टिपणांची होती. चरित्र लिहिताना त्यांनी त्यांवर एकदा नजर फिरवून एका ओळीत वासलात लावली होती, ‘अखेरीस काही किरकोळ दैनंदिन नोंदी आहेत.’ आता त्या चष्मा पुसून तीच पानं पहिल्यापासून वाचू लागल्या.

तिसऱ्याच पानावर फुटाणे होते. ‘मुलांस दुपारी फुटाणे व गुळाचा खडा द्यावा. आधी खाणे, मग अक्षर. उपाशी मुलास अक्षर दिसत नाही, मला कित्येक वेळां दिसले नाही.’

दोन पानांनंतर शूसुद्धा सापडली. ‘मागील भिंतीपाशी आडोसा केला आहे. तेथे मुले दोघे दोघे मिळून जातात, म्हणजे भीत नाहीत.’

बाई एकट्याच मोठ्यानं हसल्या. बाहेरच्या खोलीतनं रामलिंगनी विचारलं, “काय झालं?”

“आडोसा होता, आडोसा! मागच्या भिंतीला!”

“बरं झालं बाबा,” रामलिंग म्हणाले.

दिवे लागायच्या सुमारास त्या उठल्या तेव्हा त्यांच्या वहीत दोन पानं नोंदी झाल्या होत्या. शाळेच्या पहिल्या दिवशी काय झालं तेही त्यांना आज कळलं होतं. खोली सारवून तयार होती आणि एकही मूल उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. सगळी दाराशी जमून आत बघत होती. मग गोदावरीबाईच बाहेर आल्या, भिंतीच्या सावलीत मातीत बसल्या आणि गिरणीतून मागून आणलेल्या रिकाम्या कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या लाकडी नळ्या, एकावर एक रचू लागल्या. कुणाशी काही बोलल्या नाहीत. सातवी कांडी ठेवताना ढिगारा पडला आणि एक मुलगी हसली. ‘ती हसली ती माझी पहिली विद्यार्थिनी,’ एवढंच पुढं लिहिलं होतं. नाव नव्हतं.

चरित्रात बाईंनी त्या दिवसाबद्दल लिहिलं होतं, ‘प्रारंभी अल्प प्रतिसाद लाभला.’

दोन दिवसांनी त्या पुन्हा अंगणवाडीत गेल्या. या वेळी फाईल नव्हती. साडी मात्र इस्त्रीचीच होती, ती सवय जाणं शक्य नव्हतं. येताना दुकानातून फुटाणे आणि गूळ घेतला होता.

“शिवांजली,” बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “तुझी उत्तरं आणलीत. फुटाणे खायचे. मारत नव्हती. आणि शूला मागच्या भिंतीपाशी जायचे, दोघं दोघं मिळून.”

“दोघं दोघं का?”

“एकट्याला भीती वाटते म्हणून.”

शिवांजलीनं युवराजकडं बघितलं. “व्हय,” ती म्हणाली. “वाटतीच.”

मग बाईंनी गोष्ट सांगितली. कागदाशिवाय सांगताना त्यांना पहिल्यांदा हात कुठं ठेवावेत तेच कळेना. पण पोरं दाराशी उभी राहिली आणि आत आलीच नाहीत, या जागेला सगळ्यांनी माना वर केल्या.

“आमी गेलो असतो आत,” युवराज म्हणाला.

“तू? तू किती रडला व्हतास पहिल्या दिवशी,” धुरपदाबाई म्हणाल्या. “माझा पदर फाडलास की.”

“न्हाय!”

“व्हय!”

वाद मिटेना, तेव्हा शिवांजलीनंच ठरवलं की शाळा करून बघायची. हर्षाली, धुरपदाबाई आणि सगळी पोरं दाराबाहेर जातील. गोदावरीबाई आत बसतील. गोदावरीबाई कोण हे तिनं कुणाला विचारलंही नाही. “म्याडम, तुमी बसा.”

अशा तऱ्हेनं त्रेसष्टाव्या वर्षी श्रीदेवी बिराजदार सतरंजीवर ठोकळे रचत एकट्या बसल्या आणि दारातून वीसेक चेहरे त्यांच्याकडं बघू लागले. ठरल्याप्रमाणं कुणी आत येत नव्हतं. खेळातच होतं हे सगळं, तरी बाई हातातला ठोकळा तसाच धरून दाराकडं बघत राहिल्या. कुणी आलंच नसतं तर त्या बाईनं काय केलं असतं? ओळीत बसलेल्या मुलींसमोर उभं राहायचीच सवय असलेल्या त्यांना हा विचार कधी शिवला नव्हता.

आणि तेवढ्यात गौरीशंकर रडायला लागला. आज बाहेर काढलं म्हणून जास्तच. त्या रडण्यात तेच तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा येत होते. पोरं, हर्षाली, धुरपदाबाई यांना तो नुसता आरडाओरडा वाटत होता. बाईंचं माहेर मात्र उमरग्याच्या पलीकडं, पार सीमेवरचं. लहानपणी घरात निम्मं बोलणं कानडी.

“अव्व बेकु,” गौरीशंकर म्हणत होता. आई पाहिजे.

बाई ठोकळे टाकून उठल्या. गुडघा कुरकुरला. दारात जाऊन त्या त्याच्यापुढं वाकल्या. “अळबॅड,” त्या हळूच म्हणाल्या. रडू नको. “बा इल्लि.” इकडं ये.

गौरीशंकरचं रडणं मध्येच तुटलं. त्यानं नाक वर ओढलं आणि या अनोळखी म्हातारीकडं टक लावून बघितलं. मग दोन्ही हात वर केले.

बाईंनी त्याला कडेवर घेतला. शाळेच्या नोकरीत त्यांनी कधी कुणाचं मूल कडेवर घेतलं नव्हतं, घ्यायचं कारणच नव्हतं. तो त्यांच्या कानाशी कानडीत बोलत सुटला. पंधरा दिवसांचं साठलेलं. घरच्या शेळीला पिल्लू झालंय, ते त्याला इथं आणायचं होतं, कुणी ऐकतच नव्हतं. बाई मधून मधून ‘हौदू, हौदू’, होय, होय, म्हणत होत्या.

“काय म्हणतोय त्यो?” सगळ्यांना ऐकायचं होतं. बाईंनी शेळीचं सांगितलं, तेव्हा युवराज म्हणाला, “आण की मग!” आणि पोरांनी पिल्लाला कुठं बांधायचं याची जागासुद्धा ठरवून टाकली. गोदावरीबाईंची शाळा बाजूलाच राहिली. एवढ्यात बाईंना कमरेपाशी ऊब जाणवली. इस्त्रीच्या साडीवर ओलं पसरत होतं.

“अगं बाई!” हर्षाली धावली. “मॅडम, द्या त्याला इकडं.”

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “आडोसा दाखवायला उशीर केला आपणच.”

धुरपदाबाईंनी आपलं एक जुनं लुगडं आणून दिलं. ते गुंडाळून बाई खिचडीची पंगत उठेपर्यंत बसल्या. त्या दिवसापासून हर्षालीनं त्यांच्याकडून कानडीचे शब्द लिहून घ्यायला सुरुवात केली. पाणी, भूक, आई, शू. त्यानंतरच बाईंना ‘ओसरी’त आणखी एक नोंद आढळली. त्यांनी ती हर्षालीला वाचून दाखवली. ‘कित्येक मुलांस आमची बोली समजत नाही. कोणी तेलंगी, कोणी कानडी. ती रडतात. त्यांस उगी रहा म्हणून उपयोग नाही. आधी त्यांचे घरची चार अक्षरे आपण शिकावी.’

“मॅडम,” हर्षाली म्हणाली, “ही बाई आमच्या ट्रेनिंगला पायजे व्हती.”

सोळा पानं चार दिवसांत लिहून झाली. पहिल्या पानावर होतं, ‘दारात पोरं उभी होती. आत कुणीच जाईना.’ नवव्या पानावर, ‘शू लागली की दोघं दोघं जायचे. मग भीती वाटत नाही.’ सनावळी कुठंच नव्हती. पाठवताना बाईंना ते जरा खटकलंच. सनाशिवाय उत्तर लिहिणाऱ्या मुलींचे त्यांनी आयुष्यभर गुण कापले होते.

आठवड्यानं पुण्याचा फोन आला.

“छान आहे हो, वेगळं आहे,” संपादक बाई म्हणाल्या. त्या ‘वेगळं’वरूनच श्रीदेवीबाईंना कळलं. “पण जन्म? कार्य? आणि नववं पान... ते काढू या का? पालक विकत घेतात ना पुस्तकं. त्यांना नाही आवडणार.”

“पालकांसाठी तीनशे बारा पानांचं लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “हे मुलांचं आहे.”

“पण शू, बिराजदार मॅडम?”

“मुलाला शाळेत घालताना त्याच्या मनात पहिलं काय असतं, सांगा बरं.”

मग संपादक बाई म्हणाल्या, “आम्ही जानेवारीत तुळजापूरला येतोय दर्शनाला. वाट वाकडी करून येऊ का तुमच्याकडं? समोरासमोर बोलू.”

त्या आल्या तेव्हा बरोबर त्यांची पाच वर्षांची मुलगी होती. कपाळाला देवीचा मळवट, पायात चमकणारे बूट. अंगणवाडीच्या सतरंजीवर ती बसेना. आईच्या मांडीला चिकटून राहिली. श्रीदेवीबाई चित्रं नसलेले सोळा कागद घेऊन वाचू लागल्या. बेंबळीच्या पोरांना गोष्ट पाठ होती. सातवी कांडी आली की सगळी मिळून ‘धडाम’ ओरडत. पुण्याची मुलगी पहिल्या धडामला दचकली आणि हसली, पण आईला सोडलं नाही.

नववं पान वाचून झालं. मुलगी आईच्या कानात काहीतरी कुजबुजली. आई ओशाळली. “इथं... बाथरूम?” तिनं हर्षालीला हळूच विचारलं.

हर्षाली उठायच्या आत शिवांजली उठली होती. तिनं त्या मुलीचा हात धरला. “चल. माझ्यासंगं ये. दोघी जाऊ.”

मुलगी आईकडं न बघता तिच्याबरोबर गेली. परत आल्या तेव्हा दोघी काहीतरी बोलत होत्या, आणि मुलगी येऊन शिवांजलीच्या शेजारी सतरंजीवर बसली. बूट तिनं दाराशीच काढले होते.

संपादक बाईंनी पिशवीतून आपली प्रत आणि पेन काढलं. नवव्या पानावर लाल गोल होता. तो त्यांनी खोडला.

“हे राहू दे,” त्या म्हणाल्या. “पण जन्माचं साल मात्र कुठंतरी घालायला लागेल. मलपृष्ठावर, बारीक अक्षरात?”

“१८५३,” श्रीदेवीबाई ताबडतोब म्हणाल्या. “आणि हो, बारीक चालेल.”

सगळंच बाईंच्या मनासारखं झालं नाही. गुळाच्या खड्याचं पान गेलं, कारण चित्रकारानं दुपारच्या पानातच फुटाण्यांबरोबर गूळ रंगवून टाकला होता. मुखपृष्ठावर लिंबाचं झाड आलं. गोदावरीबाईंनी झाडाचा कुठं उल्लेख केलेला नाही. बाईंनी फोनवर त्यावरून वाद घातला आणि हरल्या.

पुस्तक जूनमध्ये आलं. शाळा उघडायचे दिवस होते. बाईंनी पार्सल घरी फोडलंच नाही, तसंच अंगणवाडीत नेलं. रामलिंगही कधी नव्हे ते बरोबर आले आणि दारातच उभे राहिले. हर्षालीनं कात्रीनं चिकटपट्टी कापली. पोरं अशी गर्दी करून बसली की कुणालाच काही दिसेना.

“मागं सरा, मागं सरा,” रामलिंग दारातून स्टँडवरच्या आवाजात म्हणाले. सगळी सरकली.

मुखपृष्ठावर नऊवारी नेसलेली, तरणी, गोरीपान बाई कांड्या रचत बसली होती. पोरांनी बराच वेळ बघितलं.

“ही कोण?” गौरीशंकरनं विचारलं. आता तो मराठी बोलत होता, कानडी चालीवर.

“गोदावरीबाई,” हर्षाली म्हणाली.

“न्हाय,” युवराज म्हणाला. “चष्मा कुठाय?”

“आन केस पांढरे पायजेत,” शिवांजली म्हणाली. तिनं धुरपदाबाईंकडून निळा खडू मागून आणला आणि कुणी अडवायच्या आत चित्रातल्या बाईला दोन मोठे गोल काढले, मध्ये एक रेघ जोडली. हर्षालीचा जीव वरखाली झाला. कोऱ्या पुस्तकावर! तिनं घाबरून बाईंकडं बघितलं.

श्रीदेवीबाईंनी पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग ते पोरांकडं देऊन सतरंजीवर टेकल्या. त्या दिवशी अंगणवाडीत पाच नवी पोरं आली होती आणि त्यांतली दोन दाराशीच थांबून आत बघत होती. रामलिंग त्यांना वाट द्यायला बाजूला झाले. बाईंनी ठोकळ्यांचा डबा ओढून घेतला, उठल्या, बाहेर गेल्या आणि भिंतीच्या सावलीत बसून पहिला ठोकळा ठेवला.